पण रिपोर्ट तर चांगले आले होते

फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. रविवार होता, सकाळचे साडेआठ वाजले असतील. अनोळखी नंबर पाहून पहिल्यांदा मी उचललाच नाही. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. पलीकडे एका प्रौढ माणसाचा आवाज होता आणि त्याच्या मागे ट्रकांचे हॉर्न. "आप मीना मैडम बोल रही हैं? पर्स में एक कार्ड था, उस पे ये नंबर लिखा है. मैं मानपुर से बोल रहा हूँ, हाईवे पे मेरी चाय की दुकान है..." ते कार्ड माझ्या मैत्रिणीनं, रत्नानं, आपल्या इलाजाच्या दिवसांत लिहून ठेवलं होतं. तिचे यजमान अनिलजी तेव्हा नोकरीपायी जबलपूरला असत, म्हणून काही झालंच तर आधी मला कळवावं असं तिनं ठरवलं होतं. तो माणूस थांबत थांबत सांगत होता. पुढच्या उतारावर मागून ट्रक आला, त्याचे ब्रेक लागले नाहीत, टॅक्सीचा ड्रायव्हर वाचला आहे, पण मागे बसलेल्या मॅडम... तिथे तो अडखळला. मग म्हणाला, "मैडमजी, वो नहीं रहीं."

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "ऐसे कैसे? उनके रिपोर्ट तो अच्छे आए थे."

याला आता सहा आठवडे झाले. त्या बिचाऱ्या चहावाल्यानं हलकेच फोन ठेवला. मी मात्र अजून त्या वाक्यापाशीच उभी आहे. दोन वर्षं आम्ही सगळे रत्नाच्या ज्या मरणाला घाबरलो, ज्याच्यासाठी देवाला, डॉक्टरांना, आहाराच्या तक्त्यांना धरून बसलो, ते आलंच नाही. त्याला तिनं परत पाठवलं होतं. आणि भलत्याच रस्त्यानं, भलत्याच दिवशी, हे दुसरंच आलं... मला अजून पटत नाही. शाळेच्या फाटकातून आत शिरताना आजही माझी नजर आधी मैदानाकडे जाते.

आम्ही दोघी इंदूरच्या एकाच मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवत होतो, मी संस्कृत, ती खेळ. मी बडा गणपतीजवळच्या गल्लीत वाढलेली, कारकुनांच्या घरातली, आवाज न करता चालणारी. ती महूची. आजोबा फौजेत होते, वडील फौजेच्याच कारखान्यात. घरात बाबासाहेबांची मोठी तसबीर आणि तिच्याखाली रत्नाच्या कबड्डीच्या ढाली. विद्यापीठाच्या संघातून ती खेळली होती, चढाईला जायची. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये येऊन तिनं विचारलं, "संस्कृतवाल्या मॅडम कोण आहेत? तुमच्या आठवीच्या दोन मुली मला पाहिजेत. श्लोक म्हणताना त्यांचा दम लांब चालतो, मी ऐकून राहिले होते बाहेरून." मी म्हणाले, त्यांची परीक्षा आहे. ती म्हणाली, "परीक्षा तर दरसाल येते हो, असा दम थोडीच येतो?" दोन्ही मुली तिनं नेल्या. त्यातली एक पुढे राज्याच्या संघात गेली, आणि मी आणि रत्ना तेव्हापासून एकाच डब्यातून जेवू लागलो.

गाठीचं तिनं मला सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी, दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात. मैदानावर मुली वॉर्म-अपला धावत होत्या. त्यांच्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "मीना, छातीत डाव्या बाजूला गाठ आहे. तपासून घेतली. तीच आहे." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तेवढ्यात तिनं शिटी फुंकली आणि मागे राहिलेल्या मुलीला ओरडली, "टाच उचल, टाच!" ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. आमच्यात सगळ्यात निरोगी कोण असं कुणी विचारलं असतं तर साऱ्या शाळेनं तिचं नाव घेतलं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही सराफ्यात गेलो. अंगावर दागिना चालणार नव्हता आणि तिच्या डाव्या हातातलं कडं काही केल्या निघेना. लग्नात घातलं ते घातलं. दुपारची वेळ, दुकानात एक म्हातारे सोनार. त्यांनी कड्याखाली कातड्याची पट्टी सरकवली आणि बारीक करवतीनं कापलं. मग विचारलं, "बाद में जोड़ दूँ, बेटा?" रत्ना मनगट चोळत म्हणाली, "नहीं काका. इस हाथ में अब कुछ नहीं पहनना है." काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला आयुष्यभर जपावं लागतं, घट्ट काही घालायचं नाही, हे तिनं आधीच वाचून ठेवलं होतं. तिचं सगळं असं असायचं. समोरच्या संघाचा अभ्यास करून मगच मैदानात उतरायचं.

आणि तिनं ठरवलं होतं की स्तन काढायचा, पण त्याच वेळी तिथे नवा घडवूनही घ्यायचा. पोटाची चरबी आणि कातडी घेऊन, तिच्याच शरीरातून. यावर किती जणांनी किती तऱ्हेनं नाक मुरडलं! "या वयात कशाला?" "मुलगी लग्नाची झाली, आता काय करायचंय?" मीही मनात तेच म्हटलं होतं, हे आज कबूल करते. रत्ना सगळ्यांना एकच सांगायची, "मी ट्रॅकसूट घालून शंभर मुलींसमोर उभी राहते. मला दोन्ही बाजूंनी उभं राहायचं आहे. बस्स." ऑपरेशन आठ तास चाललं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर पोटावर पट्टा, दोन्हीकडे नळ्या, आणि ही हसते आहे. "पोट पण गेलं बघ. एकावर एक फ्री." हसताना टाके ओढले की डोळ्यांतून पाणी यायचं, तरी हसायची. काही दिवसांनी ड्रेसिंग बदलताना तिनं पहिल्यांदा आरशात पाहिलं. नर्सला म्हणाली, "सिस्टर, छान बनवलंय हो." स्वयंपाकघरात नवा ओटा बसवावा तशा कौतुकानं म्हणाली.

मग काढलेल्या गाठींचा रिपोर्ट आला. काखेतल्या गाठींतही आजार पोचला होता. म्हणजे आधी केमो, आणि त्यानंतर रेडिएशन, आमच्याकडे लोक ज्याला 'सिकाई' म्हणतात ती. त्या दिवशी मी तिच्या बाजूला बसले होते. किरणांच्या विभागातल्या डॉक्टरीण बाईंनी शांतपणे समजावलं, की सगळी छाती किरणांखाली येईल, नवीन घडवलेला भागसुद्धा. तो वेगळा वाचवता येत नाही. तो आखडू शकतो, लहान होऊ शकतो, कडक होऊ शकतो. असं होईलच असं नाही, पण होऊ शकतं. ऑपरेशनच्या आधीही हे तिला सांगितलेलं होतं. पण आधी ऐकलेलं आणि आता ऐकलेलं यात फरक होता. रत्ना म्हणाली, "मतलब, आठ घंटे लगाकर जो बनाया, अब उसी को सेंकना है?" डॉक्टर म्हणाल्या, "दोनों को बचाने की कोशिश करेंगे. पर पहले आपको." बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "चल." तेवढंच. स्कूटरवर ती माझ्या मागे बसली, आणि मी आरशातून बघत राहिले तर ती रस्त्याकडेही बघत नव्हती.

केमोचे चार महिने गेले. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. मे महिन्यात सिकाई सुरू झाली आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे मी रोज तिच्याबरोबर जाऊ लागले. पंचवीस दिवस, शनिवार-रविवार सोडून. छातीवर त्यांनी बारीक ठिपके गोंदले, रोज नेम त्याच जागी लागावा म्हणून. आजार डाव्या बाजूचा आणि हृदयही डाव्या बाजूला, म्हणून तिला किरण चालू असेपर्यंत खोल श्वास भरून धरून ठेवायचा होता. फुप्फुस फुगलं की हृदय थोडं मागे सरकतं आणि किरणांच्या वाटेतून सुटतं. हे ऐकून पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला. "अरे, ही तर कबड्डी झाली!" मशीन चालवणाऱ्या दुबे मॅडम आमच्याच वयाच्या होत्या. आतून त्या माईकवर सांगायच्या, "गहरी सांस लीजिए... रोकिए..." आणि रत्ना दोन्ही हात डोक्यावर घेऊन मनातल्या मनात 'कबड्डी कबड्डी' म्हणत पडून राहायची. दुबे मॅडम बाहेर येऊन मला सांगत, "आपकी दोस्त तो सांस छोड़ती ही नहीं हैं. मशीन रुक जाती है, ये नहीं रुकतीं."

तिसऱ्या आठवड्यातली एक सकाळ. कपडे बदलायच्या खोलीत मी तिला कुर्ता काढायला मदत करत होते, कारण खांदा नीट वर जात नव्हता. कुर्ता कुठेतरी अडकला. मी हलकेच ओढला आणि मला दिसलं... नव्या स्तनाच्या खालच्या घडीत कातडी सोलून निघाली होती, ओली, लाल, रुपयाएवढी, आणि कुर्त्याचं कापड तिला चिकटलेलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "अगं, हे किती दुखत असेल!" ती म्हणाली, "काय?" मी बोट दाखवलं. तिनं मान वाकवून पाहिलं, मग हात लावून पाहिला, आणि ती बाकड्यावर बसली. "मीना, मला कळलंच नाही." नव्या भागाला स्पर्श कळत नाही हे तिला माहीत होतं, त्याची तिनं चेष्टाही केली होती. पण त्या सकाळी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती, नुसती हादरली होती. मुलीच्या घोट्याला हात लावून मुरगळलाय की हाड मोडलंय हे सांगणारी ती बाई स्वतःच्या छातीकडे परक्याच्या वस्तूसारखी पाहत होती. "जळून राहिलंय, आणि मला पत्ताच नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

त्या दिवशी तिला श्वास धरता आला नाही. मशीन तीनदा चालू झालं, तीनदा थांबलं. शेवटी दुबे मॅडम आत गेल्या आणि तिच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या, असं तिनं नंतर मला सांगितलं. डॉक्टरांनी चार दिवस सुट्टी दिली, मलम दिलं, सुती कापड वापरायला सांगितलं, आणि घडीखाली दिवसातून दोनदा आरसा धरून बघायला सांगितलं. ते काम मी घेतलं. चार दिवसांनी ती परत गेली आणि उरलेल्या सगळ्या दिवसांत तिचा श्वास एकदाही तुटला नाही.

माझी चूक नंतर झाली. ऑगस्टपर्यंत ती शाळेत परतली होती, केस बोटभर आले होते, आणि ज्याची भीती होती ते झालं होतं. डावी बाजू आखडून वर ओढली गेली होती, घट्ट झाली होती. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "आरशात बघवत नाही गं." मी, शहाणी, पटकन म्हणाले, "असू दे. जीव वाचला ना, तेच मोठं." तिनं डबा बंद केला, उठली आणि गेली. त्यानंतर एक महिना ती माझ्याशी कामापुरतं बोलली. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला आपलं काय चुकलं तेही उमगत नव्हतं, उलट मीच मनातून फुगून बसले होते.

महिन्यानं तिनं मला खेळाच्या खोलीत बोलावलं. गाद्यांच्या ढिगावर बसली होती. म्हणाली, "बैठ. जीव वाचला हे मला माहीत आहे, मीना. अनिल सांगतात, सासूबाई सांगतात, प्रिन्सिपल सांगतात, भाजीवाला भिया पण सांगतो. पण जे गेलं, त्याचं मी कुणाजवळ बोलायचं? दोनदा गेलं माझं. एकदा कापून आणि एकदा भाजून. दुसऱ्यांदा गेलं त्याचं तर कुणी हिशेबातच धरत नाही." तिनं दाराला कडी लावली, टी-शर्ट वर केला आणि म्हणाली, "हात लाव. घाबरू नको, मला कळत नाही." मी हात लावला. कच्च्या पेरूसारखं कडक, आणि गरम. आत ती होती, तिचा श्वास होता, वर-खाली होत होता. मी रडले. ती नाही रडली. म्हणाली, "बस, एवढंच पाहिजे होतं. कुणीतरी बघितलं पाहिजे होतं." मग कडी काढून ती बाहेर गेली आणि मैदानातून तिची शिटी ऐकू आली.

आखडलेला भाग सोडवायला पुढे एक ऑपरेशन करता येईल असं डॉक्टर म्हणाले होते. रत्ना सारखी ते पुढे ढकलत राहिली. आधी जिल्ह्याच्या स्पर्धा, मग परीक्षा, मग मुलगी प्रज्ञा पुण्याहून येईल तेव्हा. मला वाटतं, तिची त्या शरीराशी काहीतरी बोलणी चालली होती आणि ती पुरी व्हायची होती. असं करता करता पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर आला आणि वर्षाच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन ती सकाळीच सरळ माझ्या घरी आली. कोपऱ्यावरच्या गाड्यावर आम्ही उभ्या उभ्या पोहे-जिलेबी खाल्ली. कागद जिलेबीच्या पाकानं चिकट झाला तरी तिनं तो हातातून सोडला नाही. "सब साफ," ती म्हणाली. "आता मला वीस वर्षं पाहिजेत. जास्त नको, लालची नाहीये मी."

तिला वीस दिवसही मिळाले नाहीत.

ती निमाडातल्या एका गावी मुलींच्या स्पर्धेला पंच म्हणून निघाली होती. इलाजानंतर बाहेरगावचं हे पहिलंच बोलावणं. आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये तिनं नवी पांढरी कॅप घालून सगळ्यांना दाखवली होती. मानपुरला तो चहावाला मला नंतर भेटला, अनिलजींबरोबर मी गेले तेव्हा. त्यानं आपल्या बायकोची चादर रत्नावर घातली होती. तो म्हणाला, "मैडम ने मेरे यहाँ चाय पी थी, पाँच मिनट पहले. कह रही थीं, शक्कर कम डालना, अब मुझे बहुत जीना है." हे ऐकून अनिलजी दुकानाच्या बाकावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. महिनोन् महिने जबलपूर-इंदूर फेऱ्या मारून, रजा संपवून, शेवटी बदली मिळवून हा माणूस घरी परतला होता. म्हणाले, "मीनाताई, मी त्या एकाच गोष्टीकडे बघत होतो हो... मागून काय येतंय तिकडे बघितलंच नाही." मीही त्या एकाच गोष्टीकडे बघत होते.

मागच्या रविवारी प्रज्ञानं मला घरी बोलावलं. तिला पुण्याला परतायचं होतं, आईच्या कपड्यांचं काय करावं ते सुचत नव्हतं. आम्ही कपाट उघडलं आणि तसंच बंद केलं. मग ती म्हणाली, "मावशी, तुला एक दाखवते. मला पण आत्ताच दिसलं." तिनं आतल्या खोलीचं दार ओढून लावलं. दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, एकीवर एक, प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात तारीख. मला आधी वाटलं, प्रज्ञाच्या लहानपणच्या उंचीच्या असतील. पण तारखा इलाजाच्या दिवसांपासूनच्या होत्या. आखडलेला हात सोडवायला भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, हा व्यायाम तिला दिला होता हे मला ठाऊक होतं. ती दर रविवारी त्याची खूण करते हे माहीत नव्हतं. ऑपरेशननंतरची पहिली रेघ माझ्या कमरेच्या जरा वर. मग हळूहळू चढत खांद्यापर्यंत. मे-जूनमध्ये रेघा पुन्हा खाली आलेल्या, चार आठवडे लागोपाठ खाली, आणि त्यांतल्या एकीपुढे तारखेऐवजी नुसता एक ठिपका. तिथून परत वर... कधी बोटभर, कधी नखभर, काही आठवडे तिथल्या तिथे दोन-तीन रेघा एकमेकींवर गिरवलेल्या. असं दीड वर्ष.

प्रज्ञानं टाचा उचलल्या, हात ताणला आणि सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही बघ," ती म्हणाली. मी चष्मा लावून तारीख वाचली. ती त्याच रविवारची होती. टॅक्सी यायच्या आधी, बूट घालायच्या आधी कधीतरी, पहाटे रत्ना या दारामागे उभी राहिली होती. आणि त्या दिवशी तिचा हात मागच्या रविवारपेक्षा पुरं एक बोट वर पोचला होता.